हवेतील वाट आणि तिची राखण

१९०३ सालच्या जून महिन्यातील ही घटना आहे. लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशन या विख्यात विज्ञानसंस्थेच्या सभागृहात श्रोते जमले होते. व्याख्याते होते प्राध्यापक जॉन अँब्रोज फ्लेमिंग. बिनतारी संदेशवहनासाठी ज्याचे नाव जगभर गाजत होते, त्या मार्कोनीने शेकडो किलोमीटर दूर असलेल्या कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरून संदेश पाठवावयाचा आणि तो सभागृहातील यंत्रावर उमटवून दाखवावयाचा, असा बेत होता. आपले संदेश एका ठरावीक लहरीशी जुळविलेले असतात, त्यामुळे ते तिऱ्हाइताच्या हाती लागत नाहीत, असे मार्कोनीचे म्हणणे होते.

प्रयोगाची वेळ जवळ आली आणि एकाएकी यंत्र टकटक करू लागले. फ्लेमिंगच्या साहाय्यकाने कान देऊन ऐकले, तो मोर्सच्या सांकेतिक लिपीत 'उंदीर' या अर्थाचा इंग्रजी शब्द पुनःपुन्हा येत होता! त्यापाठोपाठ मार्कोनीची टवाळी करणाऱ्या काव्यपंक्तीही आल्या. हा खोडकरपणा नेव्हिल मॅस्केलिन नावाच्या एका जादूगाराचा होता. त्याने जवळच एक प्रक्षेपक यंत्र बसवून ठेवले होते. फ्लेमिंगने संतापून वृत्तपत्रात पत्र लिहिले. तेव्हा मॅस्केलिनने आपले कृत्य उघडपणे कबूल केले आणि ते का केले हेही सांगितले. बिनतारी संदेश खाजगी राहतो हा दावा पोकळ आहे, एवढेच त्याला सर्वांसमोर सिद्ध करावयाचे होते.

त्या गोष्टीला शंभराहून अधिक वर्षे लोटली. आज टेबलावरील संगणकात तळहाताएवढे एक 'वायफाय कार्ड' बसविले, की तोही तारेवाचून इंटरनेटशी जोडला जातो. हे काम अर्ध्या तासात होण्यासारखे आहे. परंतु कार्ड बसविले म्हणजे सारे काम संपले असे मात्र नव्हे. हवेतून वाट काढली, की त्या वाटेवर राखण ठेवणे हे कामाचे उरलेले अर्धे अंग होय. असे का, हे समजण्यासाठी ही वाट मुळात कशी असते ते प्रथम पाहिले पाहिजे.

तारेतील विजेचा प्रवाह अतिशय वेगाने मागेपुढे आंदोलू लागला, म्हणजे तिच्याभोवतीच्या अवकाशात विद्युच्चुंबकीय लहरी उठतात. अशा लहरी असल्या पाहिजेत, हे स्कॉटलंडचा शास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेल याने १८६५ साली गणिताच्या आधारे मांडले. जर्मनीच्या हाइनरिख हर्ट्झने १८८७-८८ मध्ये त्या प्रत्यक्ष निर्माण करून दाखविल्या. पुढे १८९५ साली कलकत्त्याच्या टाउन हॉलमध्ये आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी एक जाहीर प्रयोग केला. त्यांनी सोडलेल्या लहरी मधल्या भिंती पार करून गेल्या आणि दूर ठेवलेली घंटा वाजू लागली. बिनतारी लहरींचा मोठा गुण त्या प्रयोगात दिसला. तो गुण असा, की भिंत त्यांना अडवू शकत नाही.

या लहरींचा उपयोग संगणक जोडण्यासाठी करण्याचा मार्ग प्रथम एका बेटांच्या प्रदेशाने दाखविला. प्रशांत महासागरातील हवाई बेटांवर एक विद्यापीठ आहे. त्याचा मोठा संगणक एका बेटावर आणि काही शाखा दुसऱ्या बेटांवर, अशी स्थिती होती. त्या काळी दूरध्वनीच्या तारा महाग पडत आणि त्यांवर भरवसाही ठेवता येत नसे. तेव्हा प्राध्यापक नॉर्मन एब्रमसन आणि त्यांचे सहकारी यांनी १९७१ साली 'अलोहानेट' नावाचे बिनतारी जाळे सुरू केले. वर्गात दोन मुले एकाच वेळी बोलू लागली, तर दोघांचेही बोलणे कळत नाही. दोघेही थांबतात आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलतात. अलोहानेटमधील संगणकही असेच वागत. मजकुराचे लहान लहान तुकडे करून ते पाठवीत. दोन तुकडे हवेत एकमेकांवर आदळले, तर प्रत्येक संगणक वेगवेगळा काळ थांबून आपला तुकडा पुन्हा पाठवी. आजचे वायफाय याच कल्पनेची पुढची पायरी आहे. त्यात बोलण्यापूर्वी दुसरा कोणी बोलत नाही ना, हे ऐकून घेण्याची रीतही आहे.

निरनिराळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांची भाषा समजू शकावीत, म्हणून अभियंत्यांच्या 'आयईईई' या संस्थेने १९९७ साली अशा जाळ्यांचे नियम ठरवून दिले. त्यालाच पुढे 'वायफाय' हे सुटसुटीत नाव मिळाले. भारतात २००५ साली वायफायच्या मुख्य लहरीपट्ट्याचा वापर परवान्यावाचून करण्याची मोकळीक मिळाली आणि वायफायचा प्रसार घराघरांत होण्याचा मार्ग खुला झाला.

या लहरींची गती प्रकाशाइतकीच, म्हणजे सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर असते. वायफायची एक लहर सेकंदाला सुमारे २४० कोटी वेळा कंप पावते. तिची लांबी साडेबारा सेंटिमीटर, म्हणजे अर्ध्या वितीहून किंचित अधिक भरते. दुसरी लहर सेकंदाला सुमारे ५०० कोटी वेळा कंप पावते आणि तिची लांबी सहा सेंटिमीटरांच्या आसपास असते. पहिली अधिक दूर पोहोचते. दुसरी अधिक वेगाने मजकूर नेते, पण भिंतींतून जाताना लवकर क्षीण होते. लाकडी दार आणि विटांची भिंत यांतून दोन्ही लहरी पलीकडे जातात. धातूचा पत्रा मात्र त्यांना परतवून लावतो.

आता कार्डाकडे वळू या. संगणकाच्या पेटीत, जिला सामान्यतः कॅबिनेट म्हणतात, मदरबोर्ड नावाचा एक मोठा फलक असतो. त्यावर निरनिराळी कार्डे बसविण्यासाठी खाचा ठेवलेल्या असतात. पुष्कळ नव्या मदरबोर्डांत वायफायची सोय मुळातच असते. जेथे ती नसते, तेथे 'पीसीआय एक्स्प्रेस' प्रकारच्या एका लहान खाचेत वायफाय कार्ड बसवितात. कार्डावरील चिप संगणकातील अंकांचे रूपांतर लहरींत करते आणि आलेल्या लहरींचे पुन्हा अंकांत करते. कार्डाच्या मागील बाजूस दोन-तीन लहान अँटेना असतात. घरातील राउटर आणि हे कार्ड यांच्यामध्ये या अँटेनांच्या द्वारे संभाषण चालते.

कार्ड बसविताना घरातील जाणते माणूस जवळ असावे. प्रथम संगणक रीतसर बंद करून त्याची वीजतार भिंतीवरील सॉकेटमधून काढून घ्यावी. नुसते बटण दाबून भागत नाही, कारण तार जोडलेली असेपर्यंत मदरबोर्डला थोडी वीज मिळतच राहते. तार काढल्यावर चालू करण्याचे बटण काही क्षण दाबून धरावे, म्हणजे आत साठलेली वीज ओसरते. मग कॅबिनेटची बाजूची झडप उघडावी.

येथे एक अदृश्य शत्रू सांभाळावा लागतो. कोरड्या केसांवरून कंगवा फिरविला, की तो कागदाचे कपटे ओढू लागतो. तशीच स्थिर वीज माणसाच्या अंगावरही साठते. बोटाला ठिणगीचा चटका जाणवतो, तेव्हा तिचा दाब काही हजार व्होल्टांचा असतो. चिप बिघडावयास त्याहून पुष्कळ कमी दाब पुरतो, आणि तो बोटाला कळतसुद्धा नाही. म्हणून कार्डाला हात लावण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या धातूला स्पर्श करावा आणि कार्ड नेहमी कडांना धरावे. त्याच्या सोनेरी पट्ट्यांना बोट लावू नये.

खाचेसमोर कॅबिनेटच्या मागील बाजूस पत्र्याची एक पट्टी असते. तिचा स्क्रू काढून तो वाटीत जपून ठेवावा आणि पट्टी बाजूला करावी. अँटेना काढता येण्याजोग्या असल्यास त्या अगोदर उतरवाव्यात. नंतर कार्ड खाचेच्या रेषेत सरळ धरून दोन्ही टोकांवर सारखा दाब द्यावा. सोनेरी पट्ट्या खाचेत पूर्णपणे दिसेनाशा झाल्या, म्हणजे कार्ड नीट बसले असे समजावे. ते तिरपे जात असेल तर जोर करू नये. काढून पुन्हा बसवावे. शेवटी काढलेला स्क्रू लावून कार्ड पक्के करावे. हा स्क्रू क्षुल्लक वाटतो, पण तो नसेल तर मागून अँटेनाला धक्का लागताच कार्ड खाचेत हलते आणि संपर्क तुटतो.

झडप बंद करून अँटेना हातानेच फिरवून बसवाव्यात. कॅबिनेट धातूचे असते आणि ते भिंतीला टेकवून ठेवले, तर अँटेना पत्रा आणि भिंत यांच्या कोंडीत सापडतात. यासाठी कॅबिनेट थोडे पुढे ओढावे, किंवा तारेने जोडलेली अँटेना मिळाली असल्यास ती टेबलावर उंच ठेवावी. नंतर वीज जोडून संगणक सुरू करावा. पुष्कळदा संगणक नवे कार्ड आपोआप ओळखतो. न ओळखल्यास कार्ड चालविणारा 'ड्रायव्हर' नावाचा कार्यक्रम त्यात भरावा लागतो. तो कार्ड बनविणाऱ्या कंपनीच्याच संकेतस्थळावरून दुसऱ्या संगणकावर उतरवून पेन ड्राइव्हने आणावा. अनोळखी जागेवरून घेतलेला ड्रायव्हर म्हणजे अनोळखी माणसाला घरात घेण्यासारखेच होय.

कार्ड सुरू झाले, की संगणकाच्या पडद्यावर नावांची एक यादी दिसते. त्यात घरच्या जाळ्याचे नाव असते, तसेच शेजारच्या, वरच्या मजल्यावरील आणि कदाचित समोरच्या इमारतीतील जाळ्यांचीही नावे असतात. ही यादी पाहून एक साधा विचार मनात यावयास हवा. शेजाऱ्यांच्या लहरी जर या खोलीत पोहोचतात, तर या घरच्या लहरीही शेजाऱ्यांच्या खोलीत, जिन्यात आणि रस्त्यावर पोहोचत असल्याच पाहिजेत. तारेच्या जाळ्यात शिरावयाचे तर चोराला घरात यावे लागे. येथे तो दाराबाहेर उभा राहूनही आत येऊ शकतो.

ही नुसती कल्पना नव्हे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबाद शहरात बॉम्बस्फोटांची मालिका घडली आणि अनेक निरपराध माणसे प्राणांस मुकली. स्फोटांच्या थोडा वेळ आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ई-मेल पाठविण्यात आला होता. त्याचा माग काढीत पोलीस नव्या मुंबईतील एका घरापर्यंत पोहोचले. तेथील रहिवाशाची चौकशी झाली आणि संगणक तपासासाठी नेण्यात आले. बाहेरच्या कोणीतरी त्या घरच्या बिनतारी जाळ्याचा गैरवापर केला होता, असे पुढे आढळून आले. ई-मेल त्या घरातील कोणीही लिहिलेला नव्हता, तरी माग मात्र त्याच घराच्या दाराशी येऊन थांबला. त्याच वर्षी मुंबईतील आणखी काही असुरक्षित जाळ्यांचा असाच दुरुपयोग झाला. परिणामी २००९ साली भारत सरकारच्या दूरसंचार विभागाने वायफाय जाळी सुरक्षित ठेवण्याविषयी सूचना काढल्या.

मग हवेला कुलूप कसे लावावयाचे? लहर अडविता येत नाही, हे खरे. पण तिच्यावरील मजकूर सांकेतिक करता येतो. लहर कोणालाही सापडली तरी किल्लीवाचून तिचा अर्थ लागत नाही. हीच ती राखण. या कुलपाचाही एक बोधप्रद इतिहास आहे. १९९७ साली आलेल्या पहिल्या कुलपाचे नाव 'वेप'. तारेइतकाच खाजगीपणा देण्याचे आश्वासन त्याच्या नावातच होते. ते मजकुराच्या प्रत्येक तुकड्यासाठी किल्लीला एक बदलता अंक जोडी. पण असे अंक १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१६ एवढेच होते. संख्या मोठी दिसते खरी, परंतु वर्दळीच्या जाळ्यावर काही तासांतच तेच अंक पुन्हा येऊ लागत. एकच संकेत दोनदा वापरला, की दोन मजकुरांची तुलना करून तो उकलणे सोपे होते. याशिवाय त्याच्या रचनेतही उणिवा होत्या. २००१ साली फ्लूरर, मँटिन आणि शमीर या तज्ज्ञांनी त्यांतील एक गंभीर उणीव प्रसिद्ध केली आणि त्या कुलपाचा भरवसा संपला.

त्यानंतर २००३ साली 'डब्ल्यूपीए', २००४ साली त्याहून मजबूत 'डब्ल्यूपीए-२' आणि २०१८ साली 'डब्ल्यूपीए-३' ही कुलपे आली. मध्यंतरी २०१७ साली बेल्जियममधील एका संशोधकाने डब्ल्यूपीए-२ मधील एक फट दाखवून दिली. संगणक, फोन आणि राउटर यांच्या कार्यक्रमांत दुरुस्ती करून ती बुजविण्यात आली. ज्यांनी आपली यंत्रे अद्ययावत केली, त्यांनाच त्या दुरुस्तीचा लाभ मिळाला. घराला एकदा कुलूप लावले की काम संपते, पण संगणकाचे कुलूप वेळोवेळी तपासावे लागते.

कुलूप कितीही चांगले असले, तरी किल्ली दुबळी असेल तर त्याचा काय उपयोग? डब्ल्यूपीए-२ मध्ये पासवर्ड निदान आठ चिन्हांचा असावा लागतो. यंत्रांच्या पहिल्या ओळखीचे संभाषण हवेतून टिपून घेऊन चोर आपल्या घरी बसल्या बसल्या एकेक पासवर्ड लावून पाहू शकतो. त्याचे यंत्र सेकंदाला एक लाख अंदाज तपासते असे धरू. आठ आकड्यांचे पासवर्ड १० कोटी होतात. ते सारे तपासावयास त्याला सुमारे १७ मिनिटे लागतील. इंग्रजीतील २६ अक्षरांपैकी कोणतीही आठ घेतली, तर २४ दिवस लागतील. आणि अशीच बारा अक्षरे घेतली, तर सुमारे ३०,००० वर्षे! चारच अक्षरांनी केवढे अंतर पडले! मात्र ही अक्षरे खरोखरच कशीही निवडलेली असावीत. नाव, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक यांचे अंदाज चोर सर्वांआधी करतो. डब्ल्यूपीए-३ मध्ये असे घरी बसून अंदाज तपासण्याची सोय चोराला उरत नाही, हा त्याचा विशेष लाभ होय.

यावरून करावयाच्या गोष्टी स्पष्ट होतात. राउटरवर डब्ल्यूपीए-३ निवडावे. जुनी यंत्रे असल्यास डब्ल्यूपीए-२ चालेल, पण वेप मुळीच नको. जाळ्याचा पासवर्ड लांब असावा. राउटरच्या व्यवस्थेत शिरण्यासाठी वेगळा पासवर्ड असतो. तो कारखान्यातून आलेला तसाच ठेवू नये. 'डब्ल्यूपीएस' नावाची झटपट जोडणीची सोय बंद ठेवावी, कारण तिच्या आठ आकडी क्रमांकाचा अंदाज करणे सोपे आहे. पाहुण्यांसाठी वेगळे जाळे ठेवावे. संगणकातील 'फायरवॉल' ही आतली राखण चालू असावी, आणि परक्या ठिकाणी जोडणी करताना आपल्या फाइली इतरांस पाहावयास मिळणार नाहीत, अशी व्यवस्था करावी. आज बहुतेक संकेतस्थळे आपला मजकूर स्वतःही सांकेतिक करतात. ही चांगलीच गोष्ट आहे. तथापि त्यामुळे परका माणूस घरच्या जाळ्यात शिरावयाचा थांबत नाही.

काही उपाय केवळ समाधानापुरते असतात. जाळ्याचे नाव लपविले, म्हणजे ते सुरक्षित झाले असे कित्येकांस वाटते. परंतु यंत्रे जोडणी करताना ते नाव उघडपणे हवेतून उच्चारतातच. ठरावीक यंत्रांनाच प्रवेश देण्याचा उपायही अपुरा पडतो, कारण यंत्राचा ओळखक्रमांक हवेतून टिपता येतो आणि त्याची नक्कलही करता येते. दारापुढे पडदा लावला म्हणून दाराला कुलूप लागत नाही.

कार्ड खाचेत पक्के राहावे म्हणून एक लहानसा स्क्रू लावावा लागतो, तसाच घरचा व्यवहार घरापुरता राहावा म्हणून एक चांगला पासवर्ड लावावा लागतो. दोन्ही कामे लहान आहेत आणि दोन्ही मुलांनाही वडीलधाऱ्यांच्या मदतीने करता येण्यासारखी आहेत. ज्याच्या घरी संगणक बिनतारी झाला असेल, त्याने आज संध्याकाळी वडिलांच्या किंवा आईच्या शेजारी बसून एवढे पाहावे, की घरच्या जाळ्याला कोणते कुलूप आहे आणि त्याची किल्ली किती अक्षरांची आहे.